झाकण तिकडे, भांडं इकडे

माणसं हसवणाऱ्याच्या घरात राहणं म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना विचारावं. एकटेच दोन तास बोलतात म्हणून ज्यांना सगळे बुवा म्हणत, त्या गृहस्थांनी चाळीस वर्षं सभागृहं हसवली, ती स्वतःच्या घराच्या जिवावर. बायकोचं घोरणं, सासऱ्यांचं कानातलं यंत्र, मेहुणीची काटकसर, सगळं स्टेजवरच्या खुर्चीतून जगजाहीर झालं. "विनोद सुचत नसतो," बुवा मुलाखतीत ऐटीत सांगत, "तो घरात घडतो. आपण फक्त कान उघडे ठेवायचे." कान असे उघडे ठेवले की घरातली तोंडं बंद होतात, हे त्यांना फार उशिरा कळलं.

मुलगी पंधरा वर्षांची असताना गणितात नापास झाली आणि तिनं गुणपत्रिका वॉशिंग मशीनमध्ये मळक्या कपड्यांखाली लपवली. आईनं न बघता मशीन लावलं. गणिताचे अठरा गुण लगदा होऊन बापाच्या शर्टाला चिकटले. पुढच्याच रविवारी सहाशे माणसं यावर डोळे पुसत हसली. मुलगी दुसऱ्या रांगेत होती. तीही हसली, सगळे हसत असताना एकट्यानं न हसणं फार दिसतं. "हसतील त्यांचे दात दिसतील," आईनं घरी आल्यावर तिची समजूत घातली. पण त्या दिवसापासून पोरीनं बापाला ताकास तूर लागू दिली नाही.

आई होती तोवर तिच्याकडून थोडं गाळून कळायचं. ती गेली आणि तेही थांबलं. चार खोल्यांत बुवा एकटे. भाजीच्या दुकानात ओळखीचं कोणी भेटलं, तर बोलता बोलता जीभ चावायचं, "नको बाबा, उद्या स्टेजवर याल घेऊन!" म्हणायचं आणि हसत निघून जायचं. रविवारी सासरहून मुलीचा फोन येई. जेवलात? जेवलो. गोळ्या? घेतल्या. बरं, ठेवते.

मग एक दिवस मेहुणी फोनवर म्हणाली, "अहो, पोर तीन महिने झाले नवऱ्यापासून वेगळी राहतेय. तुम्हाला पत्ताच नाही?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बुवांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग नुसतं रडू आलं. मेहुणीकडून नवा पत्ता घेऊन सकाळच्या बसनं ते मुलीच्या दारात उभे राहिले.

खोली लहान होती. एक पलंग, अजून न सोडलेली दोन खोकी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही ते लोकांना फार छान सांगितलं असतंत," ती म्हणाली. "आणि मीही हसले असते. तेवढंच नको होतं."

बुवा पलंगाच्या कडेला बसून खोक्यांकडे बघत राहिले. शेवटी चहा ओतता ओतता तीच बोलायला लागली. भांडणाच्या रागात घर सोडताना तिनं कुकर उचलला होता, तिच्या पगारातून घेतलेला म्हणून. इथे येऊन बघते तर झाकण तिकडेच राहिलेलं. आता दोन्ही घरांत काही शिजत नाही. "नवरा दर आठवड्याला फोन करतो. विचारतो, झाकण पाठवू, की तू भांडं पाठवतेस? तू येतेस का, असं एकदाही विचारलं नाही."

बुवांच्या डोक्यात चाळीस वर्षांचा कारागीर जागा झाला. कुकर आधी, झाकण नंतर, फोनच्या आधी जरा थांबायचं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"हसा हो बाबा. कोंडून घेऊ नका."

मग ते हसले, तीही हसली. खोलीत ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. बुवा निघाले तेव्हा तिनं काही बजावलं नाही, आणि पंचाईत झाली ती त्यामुळेच.

पुढचा कार्यक्रम पडत चालला होता. जुन्या गोष्टी लोकांच्या पाठ झालेल्या. पहिल्या रांगेत एकानं घड्याळ बघितलं, मागे खोकले सुरू झाले. बुवांच्या जिभेवर आयुष्यातला सगळ्यात चांगला विनोद होता. "परवा आमच्या मुलीनं..." ते म्हणाले आणि सभागृह एकदम शांत झालं. लोक पुढे सरकून बसले.

बुवा पाणी प्यायले. "विसरलो," ते म्हणाले.

लोकांनी दयेनं टाळ्या वाजवल्या. पडद्याआड संयोजकानं खांद्यावर हात ठेवला. "वय होतं हो, चालायचंच. पुढच्या वर्षी बघू." हे पुढचं वर्ष येणार नाही, हे बुवांना कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. रविवार नव्हता.

"बाबा, मावशी आली होती ना कार्यक्रमाला? म्हणाली, तुम्ही स्टेजवर विसरलात. डॉक्टरांना दाखवायचं का?"

"छे गं. होतं कधीकधी."

"'आमच्या मुलीनं' एवढं म्हणालात आणि थांबलात म्हणे."

"असेल. आठवत नाही बघ."

फोन कट झाला की काय, म्हणून बुवांनी एकदा हॅलोही म्हणून बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "वेळ आहे का? काल इथे काय झालं ते सांगायचं होतं."

"आहे ना," बुवा म्हणाले. "आता वेळच वेळ आहे."