अक्कांनी झाकलेली पानं

अक्का गेल्याचा फोन भाऊंनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी केला. आणि त्याच दमात, "तिचा चांगला फोटो असला तर पाठव, पुस्तिका छापायची आहे," असंही सांगितलं. सासू गेली म्हणून रडावं की या माणसाला कोपरापासून हात जोडावेत, मला कळेना. भाऊंचं सगळं असंच. फैजपूरला ओट्यावर बसून जगाच्या धर्माची काळजी वाहायची, पण स्वतःच्या एका लेकराला कधी थोपटून निजवलं असेल तर शपथ.

माझी मनू चार वर्षांची असताना भाऊंनीच एक चित्रांचं पुस्तक आणून दिलं होतं. निजताना दाखवत जा, संस्कार होतात म्हणे. आत काय, तर पापी माणसं कढईत तळली जाताहेत, खाली जाळ, वर धूर! आम्ही राहतो दीपनगरला, वीजकेंद्राच्या कॉलनीत. मनूचे पप्पा बॉयलरवर. आमच्या खिडकीतून धुराडी दिसतात. पोरीनं दोन दिवसांत मेळ घातला, आणि पप्पा ड्यूटीला निघाले की त्यांच्या पायाला मिठी मारून रडायला लागली. अक्का तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मनूनं त्यांना विचारलं, "पप्पांनी काय पाप केलं?"... एकादशी न चुकवणारी ती बाई बराच वेळ पुस्तक चाळत बसली. मग म्हणाली, "हे काढणाऱ्यानं देव पाह्यला नही गं. नुसती कढई पाह्यली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिकटवायला कणकेची खळ शिजवली, घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या आणि कोरी बाजू वर ठेवून नरकाची पानं एकूण एक झाकली. मग रोज निजताना कोऱ्या पानावर बोट ठेवून विचारायच्या, आज देव कुठं भेटला? मनू सांगेल ते तिथं काढायचं. एकदा पप्पांच्या शेजारी डबा खात बसलेला देव निघाला. अक्कांनी त्यालाही हात जोडले. भाऊंना हे कळलं तेव्हा धर्म बुडाल्यासारखे तणतणले. अक्कांनी त्यांच्यापुढं नुसता चहा ठेवला, याचा मला तेव्हा फार राग आला होता.

सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी पुस्तिका वाटल्या. तेच पुस्तक! अक्कांच्या स्मरणार्थ. पहिल्या पानावर त्यांचा हसरा फोटो, मी पाठवलेला, आणि समोरच्या पानावर कढई. छापण्याआधी उघडून बघायची तसदी कोण घेतो? पंगतीत बसलेले पाहुणे, किती हो संस्कारी घर, म्हणत बुंदी वाढून घेत होते. भाऊंची नात परी, चार वर्षांची, पुस्तक उघडून बसली होती. तिनं भाऊंची बाही ओढली. "आबा, अक्काला तळतील?" भाऊ म्हणाले, तसं नसतं बेटा... आणि त्यांनी पुस्तक मिटलं. तिनं ते पुन्हा उघडलं.

परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला. परी तेव्हापासून निजत नाही म्हणाले. मग विचारलं, "ती खळ... अक्का त्यात पाणी किती घालायची गं?" मी म्हटलं, अंदाजानं घाला, पहिल्यांदा गुठळ्या होतातच. एवढंच बोलून फोन ठेवला. आणखी गोड बोलायची माझी इच्छा नव्हती. अक्कांच्या खळीतही गुठळ्या राहायच्या. मनूच्या उशाशी ते पुस्तक अजून आहे, पानावरून हात फिरवला की बोटांना लागतात.