नाकाला विचारू दे

"थांब, आधी नाकाला इचारू दे," असं म्हणून आजी चिमूटभर चहा तळहातावर घ्यायच्या, त्यावर हळूच गरम श्वास सोडायच्या आणि डोळे मिटून वास घ्यायच्या. तोवर बाकीची गिऱ्हाईकंही थांबायची.

भोरच्या एसटी स्टँडासमोर माझं सुट्या चहाचं दुकान आहे. हिर्डोशीच्या वरच्या धनगरवस्तीतून आजी यायच्या आणि सगळ्या घरांचा चहा एकदम न्यायच्या.

दुकान नवं होतं तेव्हा मी काळाभोर, चकचकीत चहा भरला होता. आजींनी पेलाभर गार पाणी मागितलं आणि त्यात चिमूट सोडली. लगेच लाल रेघा खाली उतरल्या. "चांगला चहा गार पान्यात एवढी घाई करत न्हाई, बाबा. रंग लावलाय त्येला." मी पोतं परत पाठवलं. पुढे प्रत्येक नवा नमुना आधी त्यांच्यापुढे ठेवायचो. लोक म्हणायचे, याला चहातलं कळतं. तुम्हाला खरं सांगतो, कळायचं ते आजींना.

मग एकदा तापातून उठून आल्या. चहा नाकाशी नेला, परत ठेवला. दुसरा, तिसराही.

"कोणता देऊ?"

"तूच दे."

मी स्टूल सरकवलं. बसल्यावर हळूच म्हणाल्या, "वासच येत न्हाई रं. परवा चुलीवर दूध करपलं, म्या तितंच बसलेली. करडू कुठल्या शेळीचं, त्येबी कळंना."

दवाखान्यात त्यांना रोज निरनिराळे वास घ्यायला सांगितलं होतं. मी चहा, वेलदोडा, सुंठ, लवंग अशा चार पुड्या बांधून दिल्या. पुढचे कितीतरी महिने त्या यायच्या आणि दारातूनच नाही म्हणून मान हलवायच्या. मला तर विचारायचीही भीती वाटायला लागली.

एके दुपारी पायरी चढता चढता थांबल्या. नाक मुरडलं.

"मागं उंदीर मेलाय का रं?"

मी धावत मागे गेलो. फळीखाली खरंच होता! मेलेला उंदीर बघून इतका आनंद झालेला दुकानदार तुम्ही पाहिला नसेल.

"आजी, आहे! आहे!"

"व्हय?" म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून हसत सुटल्या.

आता गुडघ्यांमुळे त्या उतरत नाहीत, सून येते. पण मला त्या दिसतात तशाच, त्या दुपारच्या. पायरीवर बसलेल्या, मांडीवर चहाचा उघडा डबा. समोरून हिर्डोशीची एसटी निघालीय, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि आजी डब्यातून डोकं वर न काढता त्याला हातानं सांगतायत, जा, तू जा.