राखाडी जोगळेकर, केशरी जोगळेकर

राम आळीतल्या कापडाच्या दुकानात हरिहरपंत जोगळेकर शिरले की दुकानदार काही न विचारता राखाडी शर्टपिसांचा गठ्ठा पुढे ओढायचा. हरिहरपंत तरीही त्यातले दोन तुकडे उजेडात नेऊन निरखून बघत आणि म्हणत, "हा जरा भडक वाटतो." मग त्यातल्या त्यात मळकट वाटणारा घेऊन घरी येत. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी झाली, पण साहेबासमोर किंवा शिपायासमोर त्यांचा आवाज कधी चढला नाही. झाडगावातल्या घराकडे येताना वाटेत म्हैस बसलेली असली, तर ती उठेपर्यंत ते स्कूटर बंद करून थांबत.

त्यांचा मुलगा सलिल शिकागोला नोकरीला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"बरा आहेस?"

"हो बाबा. तुम्ही?"

"बरा आहे. आईला देतो."

बापलेकांचं बोलणं तिथेच संपायचं. सलिलला हे खटकत होतं. २००६च्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा नुकतंच ब्रॉडबँड घेतलेलं होतं. त्याने घरच्या कॉम्प्युटरवर एक खेळ चढवून दिला. जगभरची माणसं त्यात अचाट शक्तीचे वीर होऊन एका शहराचं गुंडांपासून रक्षण करत. "बाबा, इकडे तुमची सकाळ तेव्हा तिकडे माझी रात्र. रविवारी आपण त्या शहरात भेटू. बोलायलाच पाहिजे असं काही नाही."

बोलायचं नाही म्हटल्यावर हरिहरपंत कबूल झाले.

पहिल्यांदा स्वतःचा वीर घडवायचा होता. पडद्यावर शिरस्त्राणं, शिंगं, पंख, चिलखतं, पाठीवर फडफडणारे झगे, सगळ्याचा बाजार मांडला होता. हरिहरपंतांनी सगळं शांतपणे पाहून घेतलं आणि एक राखाडी फुल शर्ट, काळी पँट, तपकिरी बूट आणि चष्मा निवडला.

"याला खिसा नाही का रे? पेन कुठे लावायचं?"

"बाबा, हा उडू शकतो. पेन कशाला? आणि पोट कमी करता येतं, ही पट्टी अशी सरकवायची."

"खोटं कशाला? आहे तेवढं राहू दे."

शक्ती म्हणून त्यांनी पाणी घेतलं. इतकी वर्षं त्याच खात्यात गेल्यावर दुसरं काय घेणार! नावाच्या जागी त्यांनी सरळ 'जोगळेकर' लिहिलं.

सलिल परत गेल्यावर पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. त्या शहराच्या रस्त्यांवर खेळातलीच शोभेची माणसं हिंडत असत, म्हणजे ऑफिसला जाणारे, फळं विकणारे वगैरे. गुंड त्यांना लुबाडत आणि वीर येऊन सोडवत. हरिहरपंत एका कोपऱ्यावर सलिलची वाट बघत उभे होते, तेवढ्यात दोन गुंड त्यांच्या अंगावर आले. वरून दगडाचा एक डोंगर धप्पकन उतरला आणि गुंडांना लोळवून म्हणाला, "घाबरू नकोस, नागरिका! आता सुखरूप घरी जा!"

हरिहरपंतांनी एकेक अक्षर शोधत इंग्रजीत टाइप केलं, 'आपण तत्परतेने केलेल्या साहाय्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.'

शोभेचा माणूस बोलला म्हणून तो डोंगर दचकलाच. त्याचं खेळातलं नाव होतं बिग पोटॅटो. हरिहरपंत त्याला बटाटेराव म्हणू लागले. तिकडे कुठे तरी तो शाळेची बस चालवायचा. तो ह्यांना 'जॉगी' म्हणायचा आणि दया आली तर आपल्या टीममध्ये घ्यायचा. इतर कोणी घेत नसत. पंखवाले पंखवाल्यांना बोलावत, चिलखतवाले चिलखतवाल्यांना. राखाडी शर्टाकडे बघून सगळे वळसा घालून जात. त्यातून हरिहरपंतांचं लिहिणं ऑफिसातलं. 'सविनय निदर्शनास आणून देतो की, डावीकडून शत्रू येत आहेत' एवढं पुरं होईपर्यंत डावीकडचा शत्रू आपलं काम उरकून गेलेला असायचा.

काही महिन्यांनी खेळाने त्यांना दुसरा पोशाख करायची मुभा दिली. "मला एक पुरतो," असं म्हणून ते आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघतात तर बायको, हेमाताई, कॉम्प्युटरसमोर. पडद्यावरचा जोगळेकर नखशिखांत केशरी झाला होता, पायात पोपटी बूट, पाठीवर राणी रंगाचा झगा.

"अगो, हे काय केलंस?"

"काठपदर नको का जुळायला? तीस वर्षं तुम्हाला एक धड शर्ट घ्यायला लावता आला नाही. इथे तरी माझी हौस होऊ दे."

"मी नाही हो हे घालणार!"

"नका घालू. राहू दे कपाटात."

हरिहरपंत राखाडी कपड्यांतच खेळत राहिले. पण हळूहळू काहीतरी विचित्र घडायला लागलं. न लढता त्यांची लेव्हल वाढायची. अनोळखी पंखवाले थांबून नमस्कार करायचे आणि कपड्यांकडे बघून हिरमुसायचे. एकाने तर तोंडावरच विचारलं, "आज राखाडीच का? केशरी कधी येणार?"

त्यांनी हेमाताईंकडे पाहिलं. त्या मन लावून फरसबीच्या शिरा काढत होत्या.

"तुम्ही ऑफिसला गेलात की बसते जरा," त्या म्हणाल्या. "आमटी उकळेपर्यंत."

ती आमटी दीड-दोन तास उकळत असणार, हे हरिहरपंतांच्या ध्यानात आलं. हेमाताईंना इंग्रजी बेताचंच. 'पळा', 'मारा', 'डावीकडे' आणि 'मूर्ख' एवढ्या शब्दांवर त्यांचं भागत होतं, आणि लढाईत तेवढेच लागतात.

हरिहरपंत वरवर हसले, पण त्यांना ते लागलं. माणूस तोच, शक्ती तीच, नावही तेच. मग मान फक्त कपड्यांना? पुढच्या रविवारी हेमाताई बाजारात गेल्या असताना त्यांनी दार लावून घेतलं आणि केशरी पोशाख चढवला.

चौकात उतरताच एकच गलका झाला. धडाधड बोलावणी आली. सलिलही येऊन उभा होता. सगळ्यांनी त्यांना पुढे घातलं. एका गोदामात पन्नासेक गुंड होते. हरिहरपंतांनी दाराशी थांबून लिहायला घेतलं, 'सर्वांना विनंती करण्यात येते की, कृपया...' तेवढ्यात गुंडांनी सगळ्या टीमला आडवं केलं.

सलिलकडून घरची सगळी बातमी काढून बसलेला बटाटेराव जमिनीवर पडल्यापडल्या म्हणाला, "जॉगी, बायकोचे कपडे घालून का आलास?"

हरिहरपंतांचे कान तापले. 'आपण कसे ओळखलेत?'

"केशरी कधी 'कृपया' म्हणत नाही."

सगळे हसले. आणि लगेच घरातला फोन वाजला. पलीकडे सलिल हसून हसून बेजार. "बाबा, आईचे कपडे?"

"अरे, म्हटलं एकदा बघू या..." म्हणत हरिहरपंत सांगू लागले. कोणी वळसा घालून जातं, कोणी कसं बघतं, राखाडी म्हटलं की माणसाला माणूस कसा दिसत नाही. बोलता बोलता ते ऑफिसात शिरले, तिथून स्वतःच्या वडिलांपर्यंत पोचले. सलिल मधे मधे नुसतं "मग?" म्हणत होता. हेमाताई पिशवी घेऊन परतल्या तरी फोन चालूच होता, आणि त्यांनी हात पुढे केला तर हरिहरपंतांनी मानेनेच 'थांब' म्हटलं.

शेवटी सलिल म्हणाला, "बाबा, एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. टीममधलं कोणी पडलं की बाकीचे पुढे पळतात. तुम्ही त्याच्याजवळ थांबता. बटाटेराव सगळ्यांना सांगत असतो. आईबरोबर जिंकायला मजा येते, पण हरायची वेळ आली की ते म्हणतात, राखाडी पाहिजे होता."

"पळायला जमत नाही रे मला, म्हणून थांबतो," हरिहरपंत म्हणाले. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी भात पुन्हा मागून घेतला.

२००८च्या मार्चअखेर ते निवृत्त झाले. ऑफिसात शाल, श्रीफळ आणि दोन भाषणं झाली. त्याआधीच्या रविवारी सकाळी ते खेळात उतरले तर चौक भरलेला. पंख नाहीत, शिंगं नाहीत. टीममधला प्रत्येकजण राखाडी फुल शर्ट, तपकिरी बूट आणि चष्मा लावून उभा. बटाटेरावाने आपला डोंगर आवळून बुटका केला होता आणि पोट मात्र मनापासून सोडलं होतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं कुठलं तरी ऑफिस सुटलं असावं. एकजण वरून झेपावला आणि "घाबरू नका, नागरिकांनो!" असं ओरडलाही. ही सगळी हेमाताईंची फितुरी होती. 'रविवार', 'राखाडी', 'सगळे', 'मूर्ख', एवढ्यात त्यांनी ती जमवली होती.

हरिहरपंतांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं, 'आपण सर्वांनी माझ्याप्रति जो स्नेहभाव व्यक्त केलात, त्याबद्दल मी...'

आणि वीज गेली.

"मेल्यांनो, आत्ताच?" हरिहरपंत इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारचा काशीराम काय झालं म्हणून कुंपणाच्या गडग्यापाशी आला. त्याला सगळं समजावून सांगण्यात बराच वेळ गेला आणि तरीही त्याला ते कळलं नाही.

निवृत्तीनंतर सकाळचा कॉम्प्युटर कोणाचा, यावरून घरात रीतसर भांडणं सुरू झाली. सलिलने जुना लॅपटॉप पाठवला तेव्हा कुठे ती मिटली. आता हेमाताईंचा नवा केशरी वीर वेगळ्या नावाने पुढे धावतो आणि राखाडी मागून येतो. आमटी कोणी ढवळायची हे मात्र अजून ठरलेलं नाही. ती बहुतेक रोज बुडाला लागते.