कापडाच्या नावाचा आजार
त्या दिवशी दवाखान्यात आम्ही चौघं होतो: मी, माझा नवरा, धाकटा दीर आन् डॉक्टरीणबाई. तीसेक वर्षं झाली, पण आज सुनेनं नवी चादर उघडली आन् खळीच्या वासानं सगळं डोळ्यापुढं आलं. नवरा नारपोलीत लूमवर, कापडाच्या मागावर, कामाला होता. शुक्रवारी सुट्टीला बरा असायचा, शनिवारी ड्युटीवर गेला का छाती आवळायची. दीर चिडवायचा, "दादा, सुट्टी अंगात मुरली तुझ्या." मला वाटलं शनीची पीडा हाय, म्हणून मी दर शनिवारी मारुतीला तेल घालायचे. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बिसिनोसिस. नवऱ्यानं विचारलं, "म्हंजे काय, बाई?" त्या म्हणाल्या, "जुने ग्रीक लोक तलम कापडाला बिसोस म्हणायचे, त्यावरून हे नाव आलं. तो शब्दही त्यांनी पूर्वेकडच्या लोकांकडून घेतलेला. कापसाची धूळ तुमच्या छातीत बसलीय. लूम सोडा." तो हसला. "नावातच कापड हाय, मंग ते मला कसं सोडंल?" शनिवारी नवरा परत ड्युटीवर गेला. दुसऱ्या वर्षी त्याच्या अंगावर कोरं कापड घातलं, त्याला हाच खळीचा वास होता. तुमच्या घरात कोणाला सुट्टीनंतर कामावर दम लागत असंल, तर मारुतीला तेल घाला, पण आधी त्याला डॉक्टरकडं न्या.