बेल्जियमला आणखी एक पोळी वाढा

सायकलची शर्यत बघायला पार्सिपनीहून थेट मिशिगनपर्यंत गाडी हाकणार, हे ऐकून ऑफिसातल्या मित्राने विचारलं, "यार, घरचा टीव्ही बिघडलाय का?" पण तिथल्या ट्रॉय गावाहून वसंतकाकांचा फोनच तसा आला होता. "यंदा तरी ये. तोमाशचा हा शेवटचा चान्स आहे."

तोमाश हा झेक सायकलपटू. इकडे खेळाडूंना लोकांच्या घरी उतरवतात, तसा तो दर मोसमात काकांच्या बेसमेंटमध्ये असतो. त्याचा खेळ सायक्लोक्रॉस. म्हणजे चिखलातून सायकल चालवायची, आडव्या फळ्या किंवा पायऱ्या आल्या की ती खांद्यावर घेऊन पळायचं आणि परत तिच्यावर बसायचं. "खांद्यावरच घ्यायची तर आणली कशाला?" हा काकूंचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. या खेळात बेल्जियमची मक्तेदारी. तोमाश दरवर्षी दुसरा येतो आणि पहिला कुणीतरी बेल्जियन असतो. यंदाही हरला तर सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं त्याच्या घरी ठरलं होतं.

शनिवारी पहाटे निघालो. पेनसिल्व्हेनिया संपता संपत नाही, ओहायोत टोल बसतो. रेस्ट एरियातल्या कॉफीच्या वाटेला जाऊ नका. दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर घ्या.

संध्याकाळी पोहोचलो तर दारात काका एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून उभे. "अरे, तुझ्या काकूने डायरेक्ट शत्रूलाच इन्व्हाइट केलंय!"

एका बेल्जियनचं हॉटेल बुकिंग कॅन्सल झालं होतं. आयोजकांनी फोनवर विचारलं, ब्रामला ठेवून घ्याल का? काकूंना ऐकू आलं 'राम'.

"रामाला नाही म्हणू?" काकू मला म्हणाल्या.

काका मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. "उद्या सकाळी शर्यतीआधी पुरणपोळी आहे," ते कुजबुजले. "हिला अडवू नकोस."

आमच्यात पाहुण्याचं पहिलं 'नको' धरत नाहीत. दुसरं म्हणजे संकोच, तिसरं म्हणजे भूक. इतक्या मोसमांत तोमाश शिकला होता. एका पोळीनंतर त्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि स्वच्छ मराठीत "पुरे, काकू" म्हणाला. बिचारा ब्राम नुसतंच "नो, थँक्यू" म्हणत राहिला. काकू वाढत राहिल्या, वर तुपाची धार. काका वर्तमानपत्राआड हसत होते. मलाही आसुरी आनंद होत होता, खोटं कशाला सांगू!

शर्यतीला तिकीट नाही, पण पार्किंगसाठी रोख पैसे ठेवा आणि गमबूट विसरू नका. इथे प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. काकूंनी देवघरातली आणली होती.

पुरणाने काम चोख केलं. ब्राम पायऱ्यांवर पोट धरून उभा राहिला. "राम, पळ रे बाळा!" काकू घंटा बडवत ओरडल्या. तोमाश सगळ्यांच्या पुढे होता आणि काका लहान मुलासारखे उड्या मारत होते. शेवटच्या फेरीत चिखलातून एक अनोळखी पोरगा सुसाट आला, फळ्यांवरून सायकलसकट उडाला आणि तोमाशच्या पुढे निघून गेला.

"हा कोण?" मी विचारलं.

"बेल्जियन," काका मटकन खाली बसले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "याला का नाही बोलावलंस जेवायला?"

संध्याकाळी ब्राम सरबत पिऊन, काकूंच्या पाया पडून गेला. पाया पडायला त्याला कुणी शिकवलं, देव जाणे. तोमाश मात्र जेवायला बसला आणि त्याने ताटावर हात धरला नाही. एक पोळी संपली, दुसरी संपली. "वाढा, काकू," तो म्हणाला. "आता कुणासाठी वजन सांभाळायचं?" मला त्याच्याकडे बघवेना.

काकूंनी तिसरी पोळी उचलली, थांबल्या आणि परत डब्यात ठेवून दिली. "पुरे," त्या म्हणाल्या. "तुला पुढच्या वर्षी पळायचंय."

काकूंनी कुणाला 'पुरे' म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

पार्सिपनीला परतून आठवडा झाला. बुटांचा चिखल अजून निघत नाही आणि तोमाशचं ते ताटही डोळ्यांपुढून जात नाही. काल काकांचा फोन आला. ब्रामने घरी जाऊन इतकं कौतुक केलंय, की पुढच्या वर्षी चार बेल्जियन उतरायला मागतायत. काकूंनी सगळ्यांना हो म्हटलंय. मी इकडून हरभऱ्याची डाळ न्यायची आहे, भरपूर.

"आणि तोमाश?" मी विचारलं.

"येतोय ना," काका म्हणाले. "त्याला फक्त वरणभात."