खैरनार मॅडमचे शेजारी

सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलं की आम्ही सगळे थेट हजेरीच्या मशीनकडे धावायचो. खैरनार मॅडम मात्र गेटच्या आत येऊन थांबत, डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरत आणि नाक वर करून हवेचा वास घेत. एखादी बाई चुलीवरच्या आमटीचा अंदाज घेते ना, तसा. कुंपणावर हवा तपासणारी महागडी यंत्रं होती आणि त्यांचे आकडे माझ्या प्रयोगशाळेत येत असत. ते मी एकदा त्यांना सांगितलंही. मॅडम हसून म्हणाल्या, "यंत्र बिघडलं तर दुसरं मागवता येतं, भाऊ. नाक एकच मिळतं, ते वापरून घ्यावं."

आमचा कारखाना कुवैतमध्ये, शुऐब्याला, समुद्राच्या अंगाला. आम्ही प्लास्टिकचे दाणे बनवतो. आजूबाजूला आमच्यापेक्षा कितीतरी मोठे कारखाने, टाक्या आणि चिमण्या. मी पुण्याचा, राहायला अब्बासियात, चार जणांत एक फ्लॅट. मॅडम नाशिककडच्या, सटाण्याच्या. पर्यावरण इंजिनिअर म्हणून त्या इथे आल्या आणि लेकीला, ईशाला, घेऊन फहाहीलला राहू लागल्या. यजमान नाशिकला, म्हाताऱ्या वडिलांची काळजी घ्यायला थांबलेले. थोड्याच दिवसांत मी त्यांना सुनंदाताई म्हणू लागलो, पण प्लांटवर त्या सगळ्यांच्या खैरनार मॅडमच राहिल्या.

त्या आल्या होत्या सोन्याच्या खाणीतून. कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथे हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवून परत जातो आणि गोठलेल्या तळ्यावरून ट्रक चालतात, तिथे त्यांनी बरीच वर्षं काढली होती. कँटीनमध्ये पोळीचा डबा उघडला की त्यांना खाण आठवायची. बाहेर पारा पन्नाशीला टेकलेला असायचा आणि आम्ही बर्फाच्या गोष्टी ऐकत जेवायचो. तिकडे कॅरिबू म्हणून मोठी हरणं असतात. त्यांचा कळप रस्ता ओलांडायला लागला की खाणीचे घराएवढाले डंपर जागच्या जागी उभे राहत. शेवटचं पिल्लू पलीकडे गेल्याशिवाय कुणी गाडी हलवायची नाही, असा खाणीचा नियमच होता. एका पंजाबी फोरमनने विचारलं, मालकांना हे परवडायचं कसं? ताई म्हणाल्या, "सोनं कुठे पळून जात नाही. हरणं मात्र रस्ता बदलतात, आणि मग गावातली माणसं तुमच्याशी बोलायची थांबतात."

त्या गावाचीही एक हकिकत त्या सांगत. खाणीखालच्या तळ्याकाठी तिथल्या मूळच्या लोकांची वस्ती होती. तळ्याचं पाणी स्वच्छ आहे हे सांगायला ताई पहिल्या वर्षी रंगीत आलेख घेऊन गेल्या. लोकांनी शांतपणे ऐकलं, कॉफी पाजली आणि ते घरी निघाले. आलेखाबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. जाताना एका आजोबांनी एवढंच विचारलं, की पाण्याची बाटली भरली कुणी? पुढच्या वेळेपासून बाटली गावातल्या मुली आणि खाणीची माणसं एकाच होडीत बसून भरू लागली. मग मात्र प्रश्नांचा पाऊस पडला. ताईंना त्याचाच आनंद झाला होता. "शेजारी भांडतोय तोवर बरं असतं. गप्प झाला की समजावं, त्याने आपला नाद सोडला."

हे सगळं ऐकायला छान वाटायचं, पण शुऐब्यात त्याचा काही उपयोग असेल असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं. इथे कुठली हरणं आणि कुठलं गाव?

गाव होतं. फहाहीलच्या दक्षिण टोकाला जुन्या कुवैती घरांची एक गल्ली आहे. तिथला युसुफ नावाचा निवृत्त भूगोल शिक्षक आमच्या कंपनीत सारखा तक्रार करायचा, की संध्याकाळी सडक्या अंड्यांचा वास येतो. आमचं उत्तर ठरलेलं असे: कुंपणावरची यंत्रं तपासली, सर्व काही मर्यादेत आहे. हे उत्तर मीच लिहून द्यायचो, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ताईंनी ते वाचलं आणि मला म्हणाल्या, "तुझं यंत्र सांगतं की कुणी मरणार नाही. पण त्या माणसाला जेवण जात नाही, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी त्या घरी केलेला चिवडा घेऊन त्या गल्लीत गेल्या. सोबत मला नेलं होतं. युसुफने मला दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत बसवलं आणि आमच्या कंपनीबद्दल जे काही मनात होतं ते चांगल्या इंग्रजीत ऐकवलं. ताई आत बायकांकडे गेल्या. आतून अर्ध्या तासाने हसण्याचा आवाज यायला लागला तेव्हा युसुफही बोलायचा थांबून कान देऊ लागला. आत त्याची आई होती. सगळी गल्ली तिला उम्म युसुफ, युसुफची आई, म्हणून ओळखते. तिला चिवडा आवडला होता, फक्त त्यातल्या मिरच्या वेचून ती सुनेच्या बशीत टाकत होती. ताईंचं अरबी म्हणजे बाजारातलं अरबी, त्यात हिंदी आणि उरलेल्या जागी हातवारे. तेवढ्यावर त्यांनी गुडघेदुखी, ईशाची बारावी आणि युसुफचा तापट स्वभाव एवढे विषय संपवले होते. कारखान्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. परतताना मी विचारलं तर म्हणाल्या, "आधी पाहुणी, मग ऑफिसर. उलटं केलं की दार उघडतं, पण माणूस उघडत नाही."

विषय म्हातारीनेच काढला, पुढच्या भेटीत. वास रोज येत नाही, म्हणाली. कौस सुटला की येतो. कौस म्हणजे समुद्राकडून येणारा दमट वारा, आग्नेयेचा. ताईंनी नकाशा काढून बघितला. गल्लीच्या आग्नेयेला बरेच कारखाने होते आणि त्यात आमचाही होता. मग कौसच्या एका संध्याकाळी त्यांनी युसुफला कंपनीच्या गाडीत घेतलं, काचा खाली केल्या आणि वासाच्या मागे मागे निघाल्या. वास त्यांना आमच्याच मागच्या कुंपणापाशी घेऊन आला. कुंपणाच्या आत आमची सांडपाण्याची उघडी टाकी होती.

आमचे प्लांट मॅनेजर नबीलसाहेब लेबनॉनचे, सभ्य आणि सावध गृहस्थ. त्यांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की इथे एवढे कारखाने आहेत, आपणच का पुढे होऊन कबूल करायचं? एकदा कबूल केलं की उद्यापासून प्रत्येक वास आपल्या माथी मारतील. त्या मीटिंगला मी होतो. ताईंची नोकरी गेली तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाणार, आणि त्यांच्या इकाम्यावर ईशाचाही. मुलीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि नबीलसाहेबांनाही.

ताई शांतपणे म्हणाल्या, "सर, आज आपला वास आपला म्हटला, तरच उद्या दुसऱ्याचा वास आपला नाही म्हटल्यावर ते ऐकतील."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर मी नाशिकला जाईन. तिथेही माझं घर आहे."

त्या हे अगदी हसत बोलल्या. पण त्या संध्याकाळी बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या आणि फहाहील येईपर्यंत फक्त ईशाच्या फिजिक्सबद्दल बोलत राहिल्या.

नबीलसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि मधला मार्ग काढला. कबुली वगैरे काही नाही, पण शेजाऱ्यांना प्लांट बघायला बोलवा, म्हणाले. त्यांना वाटलं असावं, युसुफ येईल, चहा घेईल, जाईल. आली ती अर्धी गल्ली, आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकत उम्म युसुफ. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे तिच्या डोक्यावरून घेतलेल्या काळ्या अबायावर पिवळं हेल्मेट चढवलं. ते तिला इतकं आवडलं की नातवाकडून फोटो काढून घेतला. टाकीपाशी पोचल्यावर मात्र तिने अबायाचं टोक नाकाला लावलं, टाकीकडे बघितलं, नबीलसाहेबांकडे बघितलं आणि काहीतरी बोलली. नबीलसाहेबांना अरबीच्या भाषांतराची गरज नव्हती, ते लाल झाले. आम्हाला युसुफने खाली बघत इंग्रजीत सांगितलं. आई विचारतेय, हिला झाकण का नाही? आमच्या संडासालाही दार असतं.

सगळ्यात आधी हसले ते नबीलसाहेबच. इतके, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग कुणी काही कबूल करायची गरजच उरली नाही.

पुढच्या शटडाऊनमध्ये, दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवला तेव्हा, टाकीवर झाकण बसलं आणि आतला वायू शोषून घेणारं यंत्रही. ताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने बाहेर पाठवलं जायचं, ते त्यांनी नळ्या टाकून कुंपणाकडे वळवलं. तिथे काय लावायचं हे गल्लीने ठरवलं. उम्म युसुफने आपल्या अंगणातल्या सिद्राच्या झाडाची रोपं दिली. ताईंनी पान हातात घेतलं, काटा बघितला आणि ओरडल्या, "अगं बाई, ही तर आमची बोर." मग त्या दोघी बोरं खाऊन घसा कसा धरतो यावर बराच वेळ बोलत राहिल्या, आपापल्या भाषेत. कौसच्या दिवशी पाण्याचे आणि हवेचे नमुने घ्यायला युसुफ आमच्या प्रयोगशाळेत येऊ लागला. बाटलीवर आधी त्याची सही, मग माझी. हे मला सुरुवातीला अपमानाचं वाटलं होतं. पुढे तो आला नाही की मलाच चुकल्यासारखं व्हायचं, कारण येताना तो खजुराचा डबा आणायचा आणि प्रत्येक नमुन्यावर भूगोलाचा तास घ्यायचा.

तरी वास अधूनमधून यायचा, दुसऱ्या कुठल्या कारखान्याचा. युसुफ फोन करायचा, ताई तपासून सांगायच्या की आज आम्ही नाही. तो म्हणायचा, बरं. नबीलसाहेबांनी हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि पुढच्या मीटिंगला ताईंसाठी खुर्ची ओढून दिली.

ईशा बारावी झाली आणि पुण्याला कॉलेजात गेली. त्यानंतर काही महिन्यांनी ताईंनाही उत्तरेकडून बोलावणं आलं. त्यांची जुनी खाण आता बंद होणार होती. खड्डे बुजवायचे, गाळावर माती पसरून गवत रुजवायचं, तळं गावाच्या ताब्यात द्यायचं, असं कित्येक वर्षांचं काम. इथलं सुखाचं सोडून पुन्हा त्या बर्फात कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "खाण उघडायला सगळे धावतात. बंद करायला कुणीतरी मायेचं लागतं." निरोपाच्या दिवशी उम्म युसुफने त्यांना स्वतःच्या हाताने विणलेली लोकरीची शाल दिली. कुवैतमध्ये लोकरीची शाल विणायला घेतली, म्हणजे ताई जाणार हे तिला आमच्याही आधी कळलं होतं.

शेजाऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. मला ते त्यांच्यासारखं जमत नाही. चिवडाही मी दुकानातला नेतो.

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी आमच्या एका पंपाने पेट घेतला. आग छोटीच होती आणि लगेच विझली, पण काळा धूर उंच गेला. आम्ही सगळे नियमाप्रमाणे बाहेर मैदानात जमलो. हजेरी चालू असताना माझा मोबाईल वाजला. युसुफ होता. काय घडलं आणि धुरात काय होतं, ते सांगायची मी मनात जुळवाजुळव केली. पण त्याने ते विचारलंच नाही.

"धूर दिसतोय," तो म्हणाला. "तुम्ही सगळे बाहेर आलात का?"

मी म्हटलं, मोजणी चालू आहे. त्याच्या मागून त्याच्या आईचा आवाज येत होता. तो म्हणाला, की आई विचारतेय, उन्हात उभे आहात का, सावली आहे का. मग फोन बंद झाला.

थोड्या वेळाने, आमची मोजणी पुरी झाली तेवढ्यात, गेटबाहेर त्याची पांढरी गाडी येऊन थांबली. मागच्या सीटवर ताकाच्या थंडगार बाटल्यांचे खोके होते आणि पुढच्या सीटवर उम्म युसुफ बसली होती. मी धावत गेलो. तिने काच खाली केली, माझा घामेजलेला हात हातात घेतला आणि मैदानात उभ्या असलेल्या आमच्या माणसांकडे बोट केलं.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे," मी म्हटलं.