तक्रारीचा रकाना

गेल्या सोमवारी सकाळी देवाला जास्वंद वाहिली, खिशातली डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा चाचपली आणि सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. हा चौथा सोमवार...

गणपती झाल्यापासून पहाटे जाग येते ती छाती धडधडतच. झालेलं काहीच नसतं, तरी काहीतरी होणार असं वाटतं. ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं, मानसोपचार विभागात दाखवा.

ते वाचून जास्तच घाबरलो. आमचे एक काका शेवटी माणसं ओळखेनासे झाले होते. गाव त्यांना काय म्हणायचं, ते मी लहानपणी ऐकलंय...

मिरजोळ्याच्या कारखान्यात रजा टाकून यायचो. खिडकीवर द्यायच्या कागदावर नाव, वय, गाव आणि तक्रार लिहावी लागते. मी पेन काढलं की शेजारचं कोणीतरी म्हणायचंच, "भाऊ, माझं पण जरा लिहा."

दुसऱ्याचा गुडघा, दुसऱ्याचा दमा लिहिताना पेन अडत नसे. तेवढा वेळ छातीही गप्प. मग कोणाला एक्स-रेच्या खोलीपर्यंत सोडून येईतो ओपीडी बंद झालेली असायची... घरी सांगायचो, "आज गर्दी फार होती."

त्या सोमवारी रांगेत हमीदा खाला भेटली. आमच्याच गावच्या मोहल्ल्यातली. मुलगा कुवेतला, म्हणून मोतीबिंदू दाखवायला एकटीच आलेली. तिचा कागद लिहून दिला.

"तुझा कुठाय रे?"

"लिहितो नंतर..."

"नंतर कशाला? लिही माझ्यासमोर."

नाव, वय, गाव लिहिलं. तक्रारीपाशी पेन अडलं. खालाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण तिला ते बरोबर दिसलं. काय होतंय ते मग हळू आवाजात तिला सांगितलं. घरी बायकोलाही एवढं सांगितलं नव्हतं.

आमच्या देवळात गाऱ्हाणं मी घालतो. कोणाचं लेकरू आजारी, कोणाची होडी समुद्रात, सगळं देवापुढे मांडायचं आणि लोकांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. शिमग्यात पालखी मोहल्ल्यावरून जाते तेव्हा खालाच्या मुलासाठीही घालतो. स्वतःसाठी मात्र कधी घातलं नाही...

"सगळ्या गावाचं तू घालतोस. आज तुझं मी घालते," असं म्हणत तिने माझा हात धरून मला खिडकीशी नेलं.

"साहेब, हा चांगला माणूस आहे. ह्याला उगाच भ्या वाटतं. ह्याला बरं करा!"

सगळी रांग ऐकत होती. आता हे गावभर होणार... मागे वळून बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात मघाशी ज्यांचा दमा मी लिहिला होता ते आजोबा खोकत खोकत म्हणाले, "व्हय महाराजा!"

रांग हसली. मीही हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले.

चार सोमवार मला वाटत होतं, मी लोकांना आधार देतोय. खरं तर त्यांचे कागद धरूनच मी उभा होतो...

भीती अजून आहे. पण त्या दिवशी तक्रारीच्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलं, "भीती वाटते." पिशवी खालाकडे दिली आणि आत डॉक्टरांसमोर जाऊन बसलो.